सालीसकट लाकूड : ॲडिरोंडॅकच्या अनघड फर्निचरचा इतिहास

मराठीत 'ओबडधोबड' आणि 'अनघड' हे दोन शब्द वरवर पाहता एकाच अर्थाचे वाटतात. वापराकडे लक्ष दिले की त्यांच्यातले अंतर कळते. ओबडधोबड म्हणजे जे नीट घडवायचे होते, पण घडवणाऱ्याला साधले नाही ते. अनघड म्हणजे ज्याला घडवण्याचा हात लागलाच नाही ते. म्हणून ओबडधोबड पाटाबद्दल सुताराला बोल लावतात आणि अनघड दगडाला शेंदूर लावून त्याच्यापुढे हात जोडतात. पहिल्या शब्दात कारागिराची उणीव आहे, दुसऱ्यात निसर्गाचे पावित्र्य.

झाडाचे ओंडके, फांद्या आणि मुळे यांचे मूळचे वळण आणि पुष्कळदा सालही कायम ठेवून केलेल्या खुर्च्या, बाके, पलंग यांना इंग्रजीत 'रस्टिक' फर्निचर म्हणतात. 'रस्टिक'चा एक जुना अर्थ सरळसरळ 'गावंढळ' असा आहे. ओबडधोबड म्हणून हिणवली जाणारी वस्तू अनघड म्हणून पुजली जाऊ लागली, असे या फर्निचरच्या इतिहासाचे वर्णन एका वाक्यात करता येईल. मात्र हे स्थित्यंतर आपोआप झालेले नाही. ते कोणी घडवले, कोणाच्या हातांनी घडवले आणि ते घडत असताना जंगलातला ओंडका नेमका कोणाच्या मालकीचा ठरला, हे प्रश्न विचारल्याखेरीज तो इतिहास पुरा होत नाही. अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्याच्या उत्तर भागातील ॲडिरोंडॅक पर्वतराजीत या प्रश्नांची उत्तरे विशेष ठळकपणे दिसतात.

आधी थोडी पूर्वपीठिका. वेड्यावाकड्या मुळांपासून आसने करण्याची परंपरा चीनमध्ये फार जुनी आहे आणि तिचा संबंध विरक्त भिक्षू व विद्वान यांच्याशी जोडला गेलेला आहे. अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये चिनी वस्तूंचे वेड पसरले, तेव्हा ही कल्पनाही तिकडे पोचली. १७५४ साली एडवर्ड्स आणि डार्ली यांनी चिनी धर्तीच्या नमुन्यांचे जे पुस्तक काढले, त्यात मुळांच्या खुर्च्यांची चित्रे आहेत. १७६५ साली रॉबर्ट मॅनवेअरिंग या फर्निचरकाराच्या पुस्तकात बागेसाठी फांद्यांची आसने आली. ही आसने बागेतल्या कुटीत किंवा कृत्रिम गुहेत ठेवायची असत. तिथे घटकाभर बसून मालक पुन्हा महोगनीच्या दिवाणखान्यात परतत असे. अनघडपणाची गोडी अशी प्रथम त्याच वर्गाला लागली, ज्याच्या घरात घडीव वस्तूंची रेलचेल होती. अमेरिकेत अँड्र्यू जॅक्सन डाउनिंग याने १८४१ च्या आपल्या उद्यानरचनेवरील ग्रंथात अशा आसनांचा पुरस्कार केला. पुढे न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये अँटन गेर्स्टर या हंगेरीहून आलेल्या कारागिराने सालीसकट लाकडाचे मंडप उभारले आणि ही अभिरुची शहरी माणसाच्या रोजच्या नजरेसमोर आली.

याच काळात अमेरिकेच्या रानावनांत जी माणसे खरोखरच ओंडक्यांच्या घरात राहत होती, त्यांचे फर्निचर कसे होते? ओंडका मधोमध फोडायचा, सपाट बाजू वर करायची, खालच्या गोलाव्यात गिरमिटाने चार भोके पाडायची आणि त्यांत चार पाय ठोकून बसवायचे, की बाक झाले. कुऱ्हाड आणि गिरमिट एवढ्यावर भागत असे. पण एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. शक्य असेल तिथे ही माणसे साल काढून टाकत. सालीखाली ओल धरते, किडे घर करतात, कपडे अडकतात. जवळपास लाकूड कापण्याची गिरणी आली की ते फळ्या विकत घेत आणि पैसा हाती आला की शहरातून रंगवलेली खुर्ची मागवत. ज्याला रंधा मिळाला त्याने रंधा मारला. सालीसकट ठेवलेली खुर्ची त्यांच्या लेखी अपुरे राहिलेले काम होते.

ॲडिरोंडॅकची जमीन शेतीला कठीण. उन्हाळा आखूड, हिवाळा लांबलचक. लाकूडतोड, सापळे लावून केलेली शिकार, मासेमारी आणि बाहेरून येणाऱ्या शिकाऱ्यांना वाट दाखवणे यांवर तिथल्या लोकांची गुजराण चाले. १८६९ साली विल्यम मरे नावाच्या धर्मोपदेशकाने या रानाचे मोहक वर्णन करणारे पुस्तक लिहिले आणि शहरी प्रवाशांची तिथे झुंबड उडाली. हौशी पण अननुभवी अशा या मंडळींना 'मरेचे मूर्ख' हे नावही पडले. मूर्ख असोत वा नसोत, ते पैसे घेऊन येत होते.

या पैशाला स्थापत्याचे रूप दिले ते विल्यम वेस्ट ड्युरंट (१८५०–१९३४) याने. त्याचे वडील टॉमस ड्युरंट हे युनियन पॅसिफिक रेल्वेच्या उभारणीतले बडे प्रस्थ. ॲडिरोंडॅकमध्ये त्यांच्या रेल्वे कंपनीकडे लाखो एकर जमीन होती. इंग्लंडात शिकून आलेल्या विल्यमने १८७६–७७ च्या सुमारास रॅकेट सरोवराच्या काठी 'पाइन नॉट' नावाचा कॅम्प उभारायला घेतला. 'कॅम्प' हा शब्द फसवा आहे. ही स्वतंत्र इमारतींची छोटी वसाहतच असे. निजायच्या खोल्या, भोजनगृह, नोकरांची घरे, लोहारशाळा, सुतारशाळा, गोठा असे सर्व काही तिथे असे. बाहेरून पाहावे तर सारे ओंडक्यांचे आणि सालीचे, स्वित्झर्लंडमधल्या डोंगरी घरांची आठवण देणारे. आत मात्र शहरी सुखसोयी. ड्युरंटने बांधलेल्या कॅम्पांपैकी 'पाइन नॉट' १८९५ साली रेल्वेसम्राट कॉलिस हंटिंग्टनकडे गेला, 'अंकस' जे. पी. मॉर्गनकडे, तर १८९७ मध्ये उभा राहिलेला 'सॅगमोर' १९०१ साली आल्फ्रेड व्हँडरबिल्टकडे. खुद्द ड्युरंट मात्र कर्जात आणि बहिणीने वाटणीसाठी लावलेल्या दाव्यात बुडाला.

रेल्वे आणि बँका यांवर पोसलेल्या या घराण्यांना गावंढळ खुर्चीवर का बसायचे होते? दमछाक करणाऱ्या शहरापासून सुटका, हे उत्तर नेहमी दिले जाते आणि ते खोटे नाही. पण या खुर्च्या करायच्या कोणी, हे त्या उत्तरात येत नाही. मालक उन्हाळ्यातले काही आठवडे येत. उरलेले वर्षभर कॅम्पची देखभाल स्थानिक राखणदाराकडे असे. उन्हाळ्यात वाटाड्या म्हणून काम करणारा माणूस हिवाळ्यात रिकामा पडे. बर्फाने वाटा बंद झालेल्या त्या महिन्यांत, कॅम्पच्या सुतारशाळेत किंवा स्वतःच्या घराच्या पडवीत, याच माणसांनी हे फर्निचर केले. आज संग्रहालयांत मिरवणाऱ्या कितीतरी वस्तू घरच्या घरी, जोडधंदा म्हणून तयार झालेल्या आहेत.

आणि हे काम सोपे नव्हते. अनघड दिसणारी वस्तू टिकाऊ करायला घडीव वस्तूपेक्षा अधिक जाण लागते. साल राखायची तर झाड हिवाळ्यात तोडावे लागते; तेव्हा रस खाली गेलेला असतो आणि साल खोडाला घट्ट चिकटून राहते. उलट भूर्जाच्या सालीचे रुंद पापुद्रे हवे असतील तर ते उन्हाळ्याच्या आरंभी काढायचे. त्या वेळी रस चढलेला असतो आणि साल अलगद सुटते. आपल्याकडे भूर्जपत्र म्हटले की हिमालय आणि जुन्या पोथ्या आठवतात. ॲडिरोंडॅकचा पांढरा भूर्ज हा त्याच कुळातला भाऊबंद. तिथल्या मूळ रहिवाशांनी त्याच्या सालीच्या होड्या केल्या, या कारागिरांनी तिने कपाटे मढवली.

सांध्यांचेही असेच. गोल लाकडाला गुण्याचा उपयोग नाही, कारण त्याला सरळ बाजूच नसते. आडव्या दांड्याचे टोक तासून गोल कुसू करायचे, उभ्या खांबात गिरमिटाने तेवढेच भोक पाडायचे आणि कुसू त्यात ठोकायचे. यातली खरी मेख ओलाव्यात आहे. दांडा पुरता वाळलेला हवा, खांब त्यामानाने ओला. खांब पुढे वाळत जातो, आक्रसतो आणि आतल्या कोरड्या कुसवाला आवळून धरतो. उलट केले तर वर्षभरात खुर्ची डगमगू लागते. शिवाय जंगलातून फिरतानाच कोणती फांदी हातावर वळेल, कोणते मूळ टेबलाचा पाय होईल, हे डोळ्यांनी हेरावे लागे. ही नजर त्या लोकांकडे आधीपासूनच होती. तिथल्या वाटाड्यांच्या हलक्या होड्यांच्या फासळ्या स्प्रूस झाडाच्या बुंध्याशी जिथे मूळ वळते, त्या नैसर्गिक बाकातूनच कापत, कारण तिथे लाकडाचे तंतू वळणाबरोबर जातात आणि फासळी तडकत नाही. होडीसाठी कमावलेले ज्ञान खुर्चीसाठी कामी आले.

या कारागिरांत अर्नेस्ट स्टो याचे नाव आवर्जून घेतले जाते. अपर सॅरनॅक सरोवराच्या परिसरात विसाव्या शतकाच्या आरंभी सुतारकाम करणारा हा माणूस. त्याची कपाटे आणि लिहिण्याची मेजे जवळून पाहिली तर एक गंमत कळते. वरून दिसते ती पांढऱ्या भूर्जाची साल आणि कडांना पिवळ्या भूर्जाच्या सालीसकट काठ्या. आत मात्र पाइनच्या रंधलेल्या फळ्यांचे, काटकोनात जुळवलेले, शहरी घाटाचे सांगाडे आहेत. खण सहज सरकतात, दारे चौकटीत नीट बसतात. रान आहे ते पातळ थराइतके. याला लबाडी म्हणणे अन्यायाचे होईल. गिऱ्हाइकाला रान हवे होते आणि खण न अडकणारे कपाटही हवे होते. दोन्ही देणे हेच त्याचे कौशल्य. पण त्यातून या साऱ्या अभिरुचीचे मर्म दिसते. कारागिराचे घडीव काम जितके उत्तम, तितके ते सालीखाली झाकले जाणार. वस्तू पाहणारा म्हणणार, 'निसर्गाने काय सुंदर घडवले आहे!' घडवणाऱ्याचे नाव पुसले जाण्याची सोय या शैलीतच होती.

आता जंगलाकडे वळू. अमर्याद लाकूडतोडीमुळे डोंगर उघडे पडू लागले, नद्यांचे आणि कालव्यांचे पाणी आटेल अशी भीती न्यूयॉर्क शहराला वाटू लागली. १८८५ साली राज्याने सुमारे ६,८१,००० एकर सरकारी जमीन राखीव वन म्हणून घोषित केली. १८९२ मध्ये ॲडिरोंडॅक पार्कची स्थापना झाली. १८९४ च्या राज्यघटनेत तर हे वन 'कायमचे रान' राहील, त्यातले लाकूड विकले, हलवले वा नष्ट केले जाणार नाही, असे कलमच घातले गेले. पर्यावरणाच्या इतिहासात या कलमाचे मोल मोठे आहे. ते नसते तर आज तिथे पाहण्याजोगे रान उरले नसते, हे मान्य केलेच पाहिजे.

पण त्या जंगलाच्या कुशीत राहणाऱ्यांच्या दृष्टीने काय घडले, हे इतिहासकार कार्ल जेकोबी यांनी २००१ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात तपशिलाने दाखवले आहे. घराच्या डागडुजीला लागणारे लाकूड, चुलीचे सरपण, होडीच्या फासळीसाठी एखादा बुंधा हे घरगुती गरजेपुरते घेणे लोकांच्या रिवाजात चोरी नव्हते. कायद्याने ती चोरी ठरली. गुन्हे नोंदवले गेले, दंड झाले. पार्कच्या सीमेत असूनही खासगी मालकीच्या जमिनींना मात्र हे कलम लागू नव्हते. तिथे मालक हवे ते झाड तोडू शकत होता आणि गावकऱ्यांची जुनी वहिवाट बंद करून फलक लावू शकत होता. परिणाम असा, की वाटाड्याने स्वतःच्या घरासाठी सरकारी रानातून ओंडका आणला तर तो गुन्हेगार. त्याच वाटाड्याने मालकाच्या आवारातून तसाच ओंडका आणून मालकासाठी पलंग केला तर तो गुणी कारागीर. ओंडका तोच, कुऱ्हाड तीच, हातही तेच.

मराठी वाचकाला हे चित्र ओळखीचे वाटेल आणि त्यामागे निव्वळ योगायोग नाही. अमेरिकन वनशास्त्राचा अध्वर्यू गिफर्ड पिंशो १८८९ मध्ये शिक्षणासाठी युरोपात गेला, तेव्हा त्याला मार्गदर्शन लाभले ते डीट्रिख ब्रँडिस यांचे. हे ब्रँडिस म्हणजे ब्रह्मदेशातल्या सागवानाच्या जंगलांत नाव कमावून १८६४ साली हिंदुस्थानच्या वनखात्याचे पहिले महानिरीक्षक झालेले जर्मन शास्त्रज्ञ. पिंशोने परत येऊन ॲडिरोंडॅकमधल्याच एका खासगी रानाचा अभ्यास केला आणि १८९८ मध्ये तिथल्या स्प्रूस वृक्षावर पुस्तक लिहिले. दोन्हीकडचे कायदे सारखे नव्हते. न्यूयॉर्कने आपल्या राखीव वनातले लाकूड विकायलाच बंदी केली, तर १८७८ चा हिंदुस्थानचा वन कायदा सरकारला लाकडाचे उत्पन्न खात्रीने मिळावे या दिशेने झुकलेला होता. परंतु वहिवाटीचे रूपांतर आधी सवलतीत आणि मग अपराधात होणे दोन्हीकडे घडले. १८८३ च्या 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये महात्मा फुल्यांनी वनखात्यावर कोरडे ओढले आहेत, ते शेतकऱ्याची गायराने आणि रान हिरावले गेले म्हणूनच.

श्रीमंतांच्या कॅम्पांतून ही अभिरुची मध्यमवर्गाच्या घरी पोचली ती पुस्तकांच्या वाटेने. १८८९ साली विल्यम विक्स याचे ओंडक्यांची घरे कशी बांधावीत यावरचे पुस्तक आले. डॅनियल बियर्ड याने मुलांसाठी आणि हौशी मंडळींसाठी अशी अनेक पुस्तके लिहिली, त्यांतले निवारे व झोपड्यांवरचे पुस्तक १९१४ चे. सालीसकट हिकरी लाकडाच्या खुर्च्या तर इंडियाना राज्यातल्या मार्टिन्सव्हिल गावी कारखान्यात होऊ लागल्या होत्या. आपल्या हाताने काहीतरी करावे ही कचेरीत बसणाऱ्या माणसाची ओढ खरी होती. तिची टिंगल करण्याचे कारण नाही. या ओढीचा आद्यपुरुष म्हणून थोरोचे नाव घेतले जाते. १८४५ मध्ये वॉल्डन तळ्याकाठी त्याने बांधलेल्या झोपडीचा खर्च २८ डॉलर साडेबारा सेंट आला. त्यातले काही फर्निचर त्याने स्वतः केले होते. पण त्या झोपडीच्या फळ्या कुठून आल्या? रेल्वेवर राबणाऱ्या जेम्स कॉलिन्स या आयरिश मजुराचे राहते खोपटे थोरोने ४ डॉलर २५ सेंटांना विकत घेतले आणि मोडून त्याच्या फळ्या नेल्या. हा हिशेब थोरोने स्वतःच प्रांजळपणे मांडला आहे. त्याच्या साधेपणाच्या प्रयोगामागे असा एका गरजवंताचा निवारा उभा होता. मोडण्यापूर्वी.

नावाच्या प्रश्नावर एक उलटे उदाहरणही नोंदवायला हवे. १९०३ साली ॲडिरोंडॅकच्या पूर्वेला वेस्टपोर्ट गावी टॉमस ली या सधन गृहस्थाने आपल्या उन्हाळी घरासाठी रुंद हातांची, मागे कललेली एक खुर्ची योजली. ती फळ्यांची होती, ओंडक्यांची नव्हे. आज जगभर 'ॲडिरोंडॅक चेअर' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या खुर्चीची ती पूर्वज. हिवाळ्यात काम नसलेल्या हॅरी बनेल या सुताराला लीने तो नमुना दिला. बनेलने १९०५ मध्ये लीला न विचारता स्वतःच्या नावे पेटंट मिळवले आणि कित्येक वर्षे त्या खुर्च्या सही-शिक्क्यानिशी विकल्या. हकीकत सांगणारे बहुधा बनेलला दोष देतात आणि तो निराधार नाही. तरी त्याच डोंगरात शेकडो खुर्च्या करून एकीवरही नाव न कोरणाऱ्यांची संख्या मनात धरली, तर या एका सुताराच्या वागण्याकडे पाहण्याची नजर थोडी बदलते.

महामंदी आणि दुसरे महायुद्ध यांनंतर हे कॅम्प पोसणे परवडेनासे झाले. काही जळाले, काही संस्थांना दान दिले गेले, फर्निचर अडगळीत पडले. १९५७ साली ब्लू माउंटन सरोवराकाठी ॲडिरोंडॅक संग्रहालय उघडले. त्याचे संचालक क्रेग गिलबॉर्न यांनी १९८७ मध्ये या फर्निचरवर जो ग्रंथ लिहिला, त्यात जमेल तितक्या कारागिरांची नावे शोधून काढून लावली. रॅकेट सरोवराचा जोसेफ ब्रायर, पिवळ्या भूर्जाच्या मुळांची टेबले करणारा ली फाउंटन आणि अर्नेस्ट स्टो ही नावे त्यामुळे आज आपल्याला ठाऊक आहेत. लिलावात अशा वस्तूंना मोठी किंमत येऊ लागली, हे त्यानंतरचे. ती किंमत अर्थातच करणाऱ्यांपर्यंत पोचली नाही.

या इतिहासातला सर्वांत बोलका प्रसंग सॅगमोर कॅम्पचा आहे. १९७५ साली हा कॅम्प विक्रीला निघाला, तेव्हा मालकांचा मुख्य भाग वाचवण्याची तजवीज झाली. कामगारांची वस्ती, म्हणजे लोहारशाळा, सुतारशाळा, गोठे, मात्र राज्याच्या राखीव वनात गेली. आणि राखीव वन म्हणजे 'कायमचे रान', तिथे इमारतींना जागा नाही. ज्या कलमाने एकेकाळी या कामगारांच्या ओंडक्याला चोरीचा माल ठरवले, त्याच कलमापायी आता त्यांची कर्मशाळा कुजून जायची किंवा पाडली जायची वेळ आली. सुटका करायची तर राज्यघटनाच बदलावी लागणार होती. १९८३ साली न्यूयॉर्कच्या मतदारांनी ती बदलली. सुमारे १० एकरांवरच्या त्या इमारतींच्या बदल्यात राखीव वनाला सुमारे २०० एकर जंगल मिळाले आणि सुतारशाळा उभी राहिली.

जंगल राखणे आणि जंगलात राबणाऱ्या हातांची आठवण राखणे यांत एकाची निवड करावीच लागते असे नाही, एवढे या सौद्याने दाखवून दिले. आज कोणी आपल्या अंगणात ओंडका फोडून, त्याला चार पाय लावून बाक करायला बसले, तर तो हौसेचा निरागस आनंद आहे. तो जरूर घ्यावा. मात्र साल ठेवायची की सोलायची हे ठरवण्याची मुभा आपल्याला आहे, या गोष्टीलाही एक इतिहास आहे. ती मुभा नसलेल्या माणसांनीच हे काम कसे करायचे ते शिकवून ठेवले. अनघड म्हणून आपण ज्याला हात जोडतो, ते कोणीतरी घडवलेलेच असते.